बारा मिनिटांचा व्हिडिओ, तीन दिवस

घुटमळ | बुधवार, रात्री १:२०

सिंकचा नळ ठिबकत होता. प्लंबरला बोलवायचं तर फोन करावा लागतो, आणि फोन करणं हा माझ्यासाठी वेगळ्या धाग्याचा विषय आहे. म्हणून म्हटलं, व्हिडिओ बघून वायसर आपणच बदलू. बारा मिनिटांचा व्हिडिओ, मराठीत, सांगणारा माणूसही सज्जन. रविवारी सकाळी लावला. "नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत..." पासून त्याने पाना हातात घेईपर्यंत दोन मिनिटं गेली, तोवर मी खालच्या प्रतिक्रियांत शिरले होते. एकाने लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या पाण्याला क्षार फार. मग क्षार का असतात. मग बोअरवेल. मग बारव. पाऊण तासाने मी साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचे फोटो बघत होते आणि नळाखालची बादली भरून वाहत होती.

सोमवारी परत लावला, ३:१२ ला सुटला. मंगळवारी ५:४० पर्यंत मजल. शेवटी संध्याकाळी नवऱ्याने प्लंबर आणला. चार मिनिटांत वायसर बदलून, २५० रुपये घेऊन गेला.

आता खरी गंमत. काल रात्री मी एक गंजलेला अडकित्ता दुरुस्त करण्याचा व्हिडिओ बघितला. सत्तेचाळीस मिनिटं. बोलणं नाही, संगीत नाही. कानस, पॉलिश पेपर, तेलाचा बोळा आणि एक हात. जागची हलले नाही. आमच्या घरात कुणी सुपारी खात नाही.

गेल्या वर्षी, ३७व्या वर्षी, एडीएचडीचं (अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) निदान झालं. नावात "लक्षाचा अभाव" आहे म्हणे. अभाव कुठला? अडकित्त्याला सत्तेचाळीस मिनिटं दिलीच की. नळाला मागितली तेव्हा मिळाली नाहीत, एवढंच. माझ्या यूट्यूबच्या इतिहासात प्रत्येक व्हिडिओखाली लाल रेघेचा एक छोटा तुकडा आहे, कुठे पाव, कुठे नखाएवढा.

तुमचं काय होतं? "मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा" वगैरे नको, ते सगळं करून झालंय. बघताना आत नेमकं काय चालतं ते सांगा.

---

सव्वापट | बुधवार, सकाळी ८:०५

अडकित्ता! मी काल कोळशाच्या इस्त्रीचा बघितला.

माझं उत्तर माझ्या आयडीतच आहे, फक्त आता सव्वा पुरत नाही, पावणेदोनवर असतो. लोकांना वाटतं मला घाई आहे. घाई नाहीये. माणूस सावकाश बोलतो तेव्हा दोन शब्दांमध्ये जी फट पडते ना, तिच्यातून मी बाहेर पडतो. तो "तर... आता... आपण..." म्हणेपर्यंत मी गॅसचं बिल भरलं का, हा विचार करून, अॅप उघडून, तिथे दुसरंच काहीतरी बघून परत आलेलो असतो. वेग वाढवला की फट बुजते. इंजिनिअरिंगला वर्गात झोपायचो आणि तोच विषय एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन व्याख्यानांत, दुप्पट वेगाने बघून पास व्हायचो.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ साली प्रयोग झालाय यावर. विद्यार्थ्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगाने दाखवले. दुपटीपर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही, अडीचपटीला मात्र घसरण झाली. ती साधी मुलं होती, आपली जमात नव्हे, त्यामुळे लगेच कॉलर ताठ करत नाही.

यूट्यूबवर कीबोर्डचं "जे" दाबलं की दहा सेकंद मागे, "एल" दाबलं की दहा पुढे. माझ्या लॅपटॉपवर जेचं अक्षर पुसलं गेलंय. एलचं शाबूत आहे. यावरून काय ते समजा.

दुःख एकच. व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप २०२१ पासून दुप्पट वेगाने ऐकता येतात, पण आई समोर बसून बोलते ती एकपटच.

---

तिरपागडी | बुधवार, सकाळी १०:४०

माझं बरोब्बर उलटं! वेग वाढवला की छातीत धडधड. मला हाताला काम लागतं. निवडायला, सोलायला, घड्या घालायला. नुसतं सोफ्यावर बसून बघ म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत पाय हलायला लागतो, दहाव्या मिनिटाला फ्रिज उघडलेला असतो.

हिशोब पक्का आहे: दोन किलो मटार म्हणजे एक सिनेमा. अर्धा किलो लसूण म्हणजे मालिकेचा एक भाग. मागच्या हिवाळ्यात एका थरारपटात शेवटची वीस मिनिटं राहिली आणि मटार संपले. खुनी कोण ते अजून माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बघून तरी टाक." नाही जमलं. आता मटारच्या मोसमाची वाट बघतेय.

---

घुटमळ | बुधवार, सकाळी १०:५८

तिरपागडी, खुनी सांगू का?

---

तिरपागडी | बुधवार, सकाळी ११:०१

खबरदार.

---

नर्मदेतला गोटा | बुधवार, दुपारी १:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हल्ली ज्याला त्याला हे होते. दिवसभर तीस-तीस सेकंदांची रीळं बघितल्यावर बारा मिनिटं कशी सहन होणार? आमच्या वेळी दूरदर्शन एकच होते, समोर मांडी घालून बसायचो, "व्यत्यय"ची पाटी लागली तरी तिच्याकडे बघत बसायचो. सवयीचा प्रश्न आहे. त्याला रोग का म्हणायचे?

---

रातकिडा | बुधवार, दुपारी १:३०

आले काका. मी वाटच पाहत होतो.

---

ओसरी | बुधवार, दुपारी ४:२०

शाळेत विशेष शिक्षिका आहे, वीस वर्षं अशाच मुलांसोबत काढलीत. गोटाकाका, तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आधी ते देते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अडीच हजारांवर शाळकरी मुलांचा दोन वर्षं माग ठेवलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जी मुलं पडद्यावर जास्त प्रकारच्या गोष्टी वारंवार करत होती, त्यांच्यात पुढे एडीएचडीची लक्षणं थोडी जास्त दिसली. पण लक्षणं मुलांनी स्वतःच सांगितलेली होती, डॉक्टरांनी निदान केलेलं नव्हतं. आणि दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं ठरत नाही, हे अभ्यास करणाऱ्यांनीही सांगितलंय.

आता उरलेलं. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली अशा माणसांबद्दल लिहून ठेवलंय. कुत्रं भुंकलं, वाद्य बेसूर वाजलं की ही माणसं अस्वस्थ होतात, आणि या चुळबुळीला त्या रुग्णांनी आपलं आपलं एक नावही ठेवलेलं असतं. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रीळांचं तर सोडाच.

निदान करताना लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, आणि घर, शाळा, कामाची जागा अशा एकाहून अधिक ठिकाणी आड येतात का, हे बघतात. रीळांनी कंटाळलेला चाळिशीतला माणूस आणि पाचवीत असताना रोज डबा, छत्री, कंपास यांपैकी एक शाळेत विसरून येणारी मुलगी, यांत फरक आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझ्या आवडीचं एक काम सांगते. केंटकी विद्यापीठात एलिझाबेथ लॉर्च आणि रिचर्ड मिलिच यांनी मुलांना टीव्हीवरचे कार्यक्रम दाखवले, कधी खोलीत खेळणी ठेवून, कधी न ठेवता. खेळणी असली की एडीएचडीच्या मुलांची नजर टीव्हीवरून बरीच जास्त हलायची, हे अपेक्षितच. मजा पुढे आहे. "काय झालं?" असं विचारलं तर ती इतर मुलांइतकंच सांगायची. "का झालं?" विचारलं की मागे पडायची. म्हणजे घटना हाताला लागतात, पण त्यांना ओवणारा दोरा कुठेतरी सुटतो.

---

पाऊणतास | बुधवार, सायंकाळी ७:५०

ओसरीताई, तुम्ही आमच्या दिवाणखान्यात बसून लिहिलंत का हे? निदान आमच्या ह्यांचं आहे, मी भोगते.

ह्यांना सिनेमातला प्रत्येक संवाद पाठ. कुठल्या प्रसंगात मागच्या भिंतीवर कोणतं कॅलेंडर होतं ते सांगतील. आणि मध्यंतरानंतर विचारणार, "पण हा त्याच्यावर चिडलाय का?" अहो, अर्धा तास तेच तर चाललंय! पूर्वी मला वाटायचं हे मुद्दाम करतात, किंवा माझ्यासोबत बसणं म्हणजे उपकार वाटतात. एकदा या कारणावरून मी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि थांबवणं! नट ओळखीचा दिसला की थांबव. कुठे बघितलाय? शोध. सापडला. त्याची बायको कोण? दीड तासाचा सिनेमा साडेतीन तास. आता करार झालाय: एका सिनेमाला तीन वेळा थांबवायची मुभा. मी चहाच्या तीन बिस्किटांची चळत त्यांच्यासमोर ठेवते, थांबवलं की एक खायचं. बिस्किटं संपली की हक्क संपला. हल्ली शेवटचं बिस्किट जपून ठेवतात आणि ते हातात धरूनच सिनेमा संपतो. बहुधा ते बिस्किट धरण्यामुळेच बसवतं.

"का चिडलाय" याचं उत्तर आता मी न चिडता देते. बहुतेक वेळा.

---

सदूची आई | बुधवार, रात्री ९:१०

लॉकडाउनमध्ये, २०२० ला, मुलगा चौथीत होता. शाळा मोबाइलवर. बाई शिकवताहेत आणि हा पडद्यावर बघतोय, एकटक. मी खूश. आठवड्याने लक्षात आलं, तो बाईंकडे बघतच नव्हता. कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःकडे बघून भुवया उडवत होता. ज्या दिवशी ती चौकट पट्टी चिकटवून झाकली त्या दिवशी त्याने पहिल्यांदा बाईंना प्रश्न विचारला.

मग उभं राहून शिकायला दिलं. बाईंची तक्रार आली, "मुलगा बसत नाही." बसला असता तर शिकला नसता हे त्यांना पटवता पटवता वर्ष संपलं. आता नववीत आहे. विज्ञानाचे व्हिडिओ बघतो ते खाली इंग्रजी ओळी लावून, आवाज बंद ठेवून, आणि मागे ढोल-ताशाच्या सरावाचं रेकॉर्डिंग मोठ्यांदा. मला घेरी येते. त्याला समजतं.

---

ओसरी | बुधवार, रात्री ९:३५

सदूची आई, ढोल-ताशाला हसू नका. स्वीडनच्या योरन सोडरलुंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की मागे सतत एकसारखा घरघराट चालू ठेवला तर एडीएचडी असलेल्या मुलांची आठवण्याची कामं सुधारतात, इतर मुलांची उलट बिघडतात. ढोलाची खात्री मी देत नाही, तो काही घरघराट नव्हे. पण शांत खोली सगळ्यांना मानवतेच असं नाही.

आणि तिरपागडी, तुमच्या मटारांचाही एक लांबचा नातेवाईक आहे. इंग्लंडमध्ये २००९ साली जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना कंटाळवाणा टेलिफोन निरोप ऐकवला, निम्म्यांना ऐकताना कागदावर आकार रंगवत बसायला सांगितलं. रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. ही साधी माणसं होती, एडीएचडीवाली नव्हेत.

---

रातकिडा | गुरुवार, रात्री २:४५

वेळ बघा, म्हणजे विषयाला धरून लिहितोय हे कळेल.

तुम्ही सगळे छान छान सांगताय, मटार नि बिस्किटं. माझं काळं सांगतो. अकराला अंथरुणावर पडतो. एक रीळ. मग अंगठा आपलाआपण चालतो. साडेअकरालाच मजा संपलेली असते, हे मला त्या क्षणीही माहीत असतं. डोळे जळतात, लघवीला लागलेली असते, पाणी प्यायचं असतं, उठत नाही. मी बघतोय असं वाटतच नाही, जणू दुसरं कुणीतरी बघतंय आणि मी त्याच्या शेजारी पडलोय. मालिकेचा भाग तरी संपतो, नावं येतात, तेवढ्या फटीत उठता येतं. इथे शेवटच नाही. सव्वापटभाऊला फट नको असते, मला तीच पाहिजे.

एकदा बॅटरी संपून फोन बंद पडला तर काळ्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं. हसावं की रडावं कळेना. मग चार्जर शोधायला उठलो.

आणि गोळीची गंमत. डॉक्टरांनी एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट दिलंय. पहिल्या आठवड्यात सिनेमा पूर्ण पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा, एका बैठकीत. रडलो, सिनेमा विनोदी होता तरी. पण एका सुटीच्या दिवशी गोळी घेतली आणि ती चढेपर्यंत म्हणून रीळं उघडली. झालं! पुढचे तीन तास पूर्ण एकाग्रतेने रीळं पाहिली. ती लक्ष टिकवते, कुठे टिकवायचं ते तिला काय माहीत? आता गोळी घेतली की आधी कामाची फाइल उघडून तिच्यासमोर बसतो, एसटीची वाट पाहत बसावं तसा.

---

घुटमळ | गुरुवार, सकाळी ९:२०

रातकिडा, "शेजारी पडलोय" हे वाचून थांबले. अगदी हेच. अडकित्ता बघताना मी तिथे असते. रीळं बघताना नसते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून घरचे दोन्हींना "मोबाइलचं वेड" म्हणतात.

माझी अजून एक तक्रार, मोकळी करून टाकते. आमच्या ऑफिसात दरवर्षी सक्तीच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ असतो, ५५ मिनिटं. पट्टी पुढे ओढता येत नाही. वेग बदलता येत नाही. दुसरा टॅब उघडला की थांबतो. दर दहा मिनिटांनी "आपण अजून आहात का?" विचारतो. हा तर माझ्यासाठीच कुणीतरी बसून तयार केलेला सापळा आहे! यंदा लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला ठेवला आणि नऊ साड्या इस्त्री केल्या. शेवटच्या प्रश्नावलीत दहापैकी दहा. आदल्या वर्षी, खुर्चीत बसून, मान ताठ ठेवून, शहाण्यासारखं बघितलं होतं तेव्हा सहा.

---

सव्वापट | गुरुवार, सकाळी १०:००

नऊ साड्या! मटारला स्पर्धक आला.

नळासाठी एक सांगतो. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंखाली, वर्णनात गेलं की, बोललेलं सगळं लेखी दिसतं, वेळेसकट. मी आधी ते भरभर वाचतो, "वायसर" कुठे आलंय ते शोधतो आणि त्या ओळीवर बोट ठेवून थेट तिथे उतरतो. बारा मिनिटांतली कामाची दीड. बाकी "मंडळी", "चॅनेलला सबस्क्राइब करा" आणि हात धुणं. मराठी व्हिडिओंना ही सोय नेहमीच मिळत नाही, तेव्हा आकड्यांची बटणं: तीन दाबलं की तीस टक्क्यांवर, सात दाबलं की सत्तर. दुरुस्तीच्या व्हिडिओत माणूस चाळीसच्या आधी पाना उचलत नाही, हा माझा शोध.

---

तिरपागडी | गुरुवार, सकाळी ११:३०

अवांतर: थिएटरात कुणाला त्रास होतो का? मला अजिबात नाही. अंधार, थांबवायची सोय नाही, उठायचं तर आठ जणांचे गुडघे ओलांडायचे. नाटकाला तर तीन तास गेलेले कळत नाहीत. समोर जिवंत माणूस घाम पुसतोय, तो विसरला तर काय, ही धास्तीच पुरते.

---

एक वाचक | गुरुवार, दुपारी ३:००

धाग्याची वाचनखूण साठवली. तिथे ती आधीच्या तीनशे खुणांसोबत सुखाने नांदेल.

वाचताना घाम फुटला, सगळं माझंच. कुठे जावं विचारायला?

---

ओसरी | गुरुवार, दुपारी ४:१०

मानसोपचारतज्ज्ञांकडे, आणि जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या. "हुशार आहे पण लक्ष नाही", "बडबड करते" असे शेरे तिथे सोन्याच्या भावाने घेतात. शक्य असल्यास आईला किंवा मोठ्या बहिणीलाही सोबत न्या, लहानपणचं त्यांनाच आठवतं. कुणाकडे जायचं तेच कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. धागा वाचून स्वतःच निदान करून घेऊ नका. झोप, थायरॉईड, चिंता, यांच्यामुळेही असंच होऊ शकतं.

---

नर्मदेतला गोटा | गुरुवार, रात्री १०:२५

सर्व प्रतिसाद वाचले. रीळांबद्दलचे माझे मत कायम आहे. पण एक आठवले म्हणून लिहितो.

धाकटा भाऊ. रविवारी संध्याकाळी हिंदी पिक्चर लागला की आम्ही वीसेक जण बसायचो, शेजारपाजारचे धरून. हा दहा मिनिटांत उठायचा आणि अँटेना नीट करतो म्हणून कौलांवर चढायचा. "आलं का?" असे वरून ओरडायचा. आम्ही "आलं" म्हणायचो. तरी खाली येत नसे. वडिलांचा मार खाल्ला, पण पुढच्या रविवारी परत वर. आम्ही त्याला वानर म्हणायचो. शाळेतही मार खाल्ला, दहावी दोनदा. पुढे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान काढले, चांगले चालले.

काल त्याला हा धागा पाठवला. उत्तर आले, "लांब आहे. थोडक्यात सांग."

---

रातकिडा | गुरुवार, रात्री १०:३१

काका 😂

---

नर्मदेतला गोटा | शुक्रवार, सकाळी ७:१०

मी थोडक्यात सांगितले. त्यावर त्याने अकरा मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. त्यातली चार मिनिटे अँटेनाच्या नळ्यांबद्दल. पुढे म्हणतो, "दादा, वर बसलं की खालचं सगळं ऐकू यायचं. तुम्ही कुठे हसता, आई कुठे रडते. पिक्चर मी सगळे ऐकलेत. हाताला नळी हलवायला असली की बरं वाटायचं." हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हते.

---

सव्वापट | शुक्रवार, सकाळी ७:४०

काका, कितीपट वेगाने ऐकलात?

---

नर्मदेतला गोटा | शुक्रवार, सकाळी ८:०२

जसा आला तसाच. दोनदा.